मेथी किती?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी संगणकाने मला विचारलं, मेथी किती?

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला, म्हणजे तयार माल बाहेर पाठवायच्या खात्यात, रुजू झाले होते. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवायचं काम. सगळीकडे तेल आणि धडाधड आवाज, आणि मधोमध एक काचेची खोली. तिच्यात चपला बाहेर काढून जायचं. संगणकाला धूळ सोसत नाही असं तेव्हा सगळीकडेच सांगत. आत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकत होती. मी गाडीचा नंबर टाकला, मालाचं नाव टाकलं, नग टाकले. मग पडद्यावर रोमन अक्षरांत तो प्रश्न आला. नव्या मुलीची कुणीतरी गंमत करतंय असं वाटून मी मागे वळले. मागे एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात स्वच्छ मोजे आणि नखांत माती.

"परत आलेला माल किती, ते टाका," ते म्हणाले.

मग तसं का नाही लिहिलं, असं मी विचारलं. "तसंच लिहिलंय," ते म्हणाले आणि निघून गेले.

हे दत्तात्रय विधाते. कारखान्यात त्यांना सगळे भाऊ म्हणत, आमचे मालक बोरसे साहेबसुद्धा. भाऊ मखमलाबादचे. घरची शेती भाजीची आणि फुलांची. पहाटे थोरल्या भावाबरोबर भाजी मार्केटला पोचती करायची, घरी येऊन आंघोळ करून लुनावर बसायचं आणि कामाच्या वेळेला अंबडला हजर व्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. मोजे रोज धुतलेले असत, पण नखांतली माती काही निघत नसे. निघावी असं त्यांना वाटतही नसावं.

शिक्षण बी.कॉम. ते हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले होते. बोरसे साहेबांनी दुसऱ्या एका कारखानदाराचं पाहून हौसेने संगणक आणला. तो कित्येक महिने कव्हर घालून, उदबत्ती ओवाळून घेत तसाच बसला होता. तयार मिळणारे प्रोग्राम आमच्या कामाला बसत नव्हते. मग भाऊंनी एका क्लासला नाव घातलं आणि एका हिवाळ्यात स्वतःच प्रोग्राम लिहून काढला. माल किती आला, किती बनला, किती गेला, किती परत आला, बिल, चलन, सगळं त्यात. आमचा अख्खा कारखाना त्या एका प्रोग्रामवर चालायला लागला आणि भाऊ काचेच्या खोलीचे धनी झाले.

नम्रपणा वगैरे त्यांच्यात औषधालाही नव्हता. "माझ्या प्रोग्रामला विचारा," असं ते म्हणत, आणि त्या 'माझ्या'वर चांगला जोर देत. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच होतं. "चालतंय ना? मग हात नका लावू." हे वाक्य ते पंख्याला लावत, छपाईयंत्राला लावत, कॅन्टीनच्या चहाला लावत. एका सुपरवायझरने बायकोशी पटत नाही म्हणून त्यांच्याजवळ मन मोकळं केलं, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

मेथी हा शब्द हळूहळू आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसला. परत आलेला माल म्हणायला वेळ कुणाला होता? आज मेथी फार आली, कालची मेथी अजून गोदामातच आहे, असं आम्ही सर्रास बोलायचो. आमचा माल जिथे जायचा त्या मोठ्या कंपनीचे एक तपासनीस पुण्याहून येत. ते एकदा माझ्या टेबलाशी बसले असताना कुणीतरी ओरडून सांगितलं की आज मेथी जास्त आली आहे. तपासनीस हळूच म्हणाले, "मॅडम, नाशिकची मेथी चांगली असते म्हणतात. एखादी जुडी मिळेल का?" मी हसू दाबून त्यांना सगळं समजावलं. ते आधी खजील झाले आणि मग माझ्यापेक्षा जास्त हसले. पुढच्या वेळी भाऊंनी त्यांच्यासाठी खरंच दोन जुड्या आणून ठेवल्या. तेव्हापासून पुण्याहून फोन करताना तेही विचारायला लागले, की ताई, आमच्याकडून आज मेथी किती आली तुमच्याकडे?

एका पावसाळ्यात भाऊंना कावीळ झाली. ते घरी पडून, आणि एका सकाळी आमच्या पडद्यावर अक्षरं आली, भोपळा आला. पुढे काही हलेना. गेटवर माल भरलेल्या गाड्या उभ्या, बिलं निघेनात. बोरसे साहेब स्वतः इंजिनियर, पण त्यांनाही त्या भोपळ्याचं काही सुधरेना. शेवटी त्यांनी मला गाडीत घातलं आणि आम्ही मखमलाबादला गेलो. भाऊ बाजेवर पिवळेजर्द होऊन पडले होते. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, की कुठल्या तरी मालाची किंमत शून्य टाकली गेली आहे, ती शोधून दुरुस्त करा. भोपळा म्हणजे शून्य, हे आम्हाला शाळेपासून माहीत होतं, पण त्या घाईत कुणाला सुचलं नव्हतं. परत येताना बोरसे साहेब गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, काम झालं म्हणून निवांत असतील. तसं नव्हतं, हे पुढे कळलं.

मग शतक बदलायचा गाजावाजा सुरू झाला. सगळीकडचे संगणक बंद पडणार, अशा बातम्या रोज येत होत्या. भाऊंनी प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे धरले होते. त्यांनी दोन आठवडे काचेची खोली आतून बंद करून घेतली आणि सगळीकडचे दोनाचे चार आकडे केले. नवं वर्ष उजाडलं तरी आमचं काम अर्धा तासही अडलं नाही. बोरसे साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली. भाऊ शाल घेऊन म्हणाले, "आता परत हात लावायचं काम नाय." आणि खरंच, त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी त्या प्रोग्रामला हात लावला नाही.

एव्हाना कारखान्यात टेबलोटेबली संगणक झाले होते, रंगीत पडद्यांचे, माऊसचे. सगळ्यांवर विंडोज होतं आणि बहुतेक ठिकाणी ते कॉपी मारलेलं होतं. संगणक जुळवून देणारा दुकानदारच ते फुकट टाकून द्यायचा, आणि ते विकत घ्यायची वस्तू आहे हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. भाऊंना त्याचं कौतुक नव्हतं. "नुसती चित्रं दाबायची," ते म्हणत. "पत्रा दाबणारी माणसं आपण, आपल्याला दाबायला काय कमी हे?" त्यांचा प्रोग्राम त्या विंडोजच्या पोटात, काळ्या चौकटीत, पहिल्यासारखा चालू होता.

पुढे चार-पाच वर्षांनी मोठ्या कंपनीकडून सूचना आली. त्यांना माल पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात सगळं सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं पाहिजे. दिवाळीनंतर त्यांची माणसं येऊन तपासणार होती. कॉपी मारलेलं सापडलं तर काम दुसऱ्याला जाणार, हे कुणी लिहून देण्याची गरज नव्हती. आमचा जवळजवळ सगळा माल त्या एका कंपनीला जायचा.

बोरसे साहेबांसमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे विंडोजची नवी आवृत्ती सगळीकडे रीतसर घ्यायची. ती आमच्या जुन्या संगणकांना पेलणार नव्हती, म्हणजे संगणकही नवे घेणं आलं. दुसरी वाट म्हणजे लिनक्स. ते विंडोजच्या जागी चालतं, कुणालाही रीतसर फुकट मिळतं, कितीही संगणकांवर टाकता येतं, जुन्यांवरही चालतं. पण आमच्यापैकी कुणी ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आधी नवा संगणक, नव्या विंडोजसकट, नमुना म्हणून आणला. त्याच्यावर भाऊंचा प्रोग्राम टाकला. तो उघडला, पण आमच्या लांबलचक कागदावर टकटक बिलं छापणाऱ्या यंत्राची जाड पिन त्या संगणकात जाईना, कारण तसलं भोकच त्याला नव्हतं. दुकानदाराने मधला जोड आणून दिला. मग छापायला सांगितलं की काहीच व्हायचं नाही, आणि कंटाळून प्रोग्राम बंद केला की दिवसभराची सगळी बिलं एकापाठोपाठ बाहेर यायची. तेव्हा गाड्या सोडायच्या कशा? हे सगळं काहीतरी करून जुळवता येईल, पण खरं म्हणजे आता नवा प्रोग्रामच घ्या, असा दुकानदाराचा सल्ला पडला. भाऊ तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

त्याच आठवड्यात समीर शेख आला. द्वारका भागात राहणारा, इंजिनियरिंग झालेला, तिशीच्या आतला मुलगा. छोट्या कारखान्यांना लिनक्स बसवून द्यायचं त्याचं काम होतं. नम्र होता, पण बोलायला रोखठोक. त्याने आमचा अगदी अडगळीतला एक संगणक मागून घेतला, त्याच्यावर लिनक्स चढवलं आणि आत भाऊंचा प्रोग्राम चालवून दाखवला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मेथी किती. छापायला सांगितलं आणि यंत्राने लगेच टकटक सुरू केली. भाऊंनी बिल फाडून घेतलं, उजेडात धरलं, कडा जुळतात का पाहिलं आणि समीरच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून भाऊ लिनक्सचे असे काही भक्त झाले की समीरलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर कशाला हात लावू दिला नव्हता, तोच आता सगळं बदला म्हणून आम्हाला सांगत फिरत होता. अर्थात बदलल्यामुळे त्यांचं काहीच बदलणार नव्हतं, हे मला दिसत होतं आणि मी त्यांना तसं चिडवलंही.

शेवटचा निर्णय घ्यायला बोरसे साहेबांनी आम्हा तिघांना काचेच्या खोलीत बसवलं, भाऊ, समीर आणि मी. चपला रीतीप्रमाणे बाहेर. साहेबांच्या मनातून विंडोजकडेच कल होता. पैसे लागतील, पण बिघडलं तर धरायला कुणीतरी असेल, असं त्यांचं म्हणणं. लिनक्स बिघडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तेव्हा भाऊ बोलायला उठले.

"साहेब, तुम्ही बी शेतकऱ्याच्याच घरातले. हायब्रीड बी आणलं का पीक जोरात येतं, मी नाय म्हणत नाय. पण त्याचं बी धरता येत नाय. फिरून पुढच्या सालाला दुकानात जायचं. तो देईल ते वाण, तो म्हणेल तो भाव. गावठी बी आपलं आपण धरायचं, शेजाऱ्याला मूठभर द्यायचं. हे समीरचं लिनक्स म्हणजे गावठी बी हे."

साहेब हसले. त्यांना ते पटलेलं दिसलं. समीर मात्र हसला नाही. तो म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तुमच्या प्रोग्रामचं बी कुठंय?"

प्रोग्राम दोन रूपांत असतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. एक म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. आणि त्यावरून यंत्रासाठी तयार केलेली दुसरी फाइल, जी चालते, पण उघडून पाहिली तर वाचता येत नाही. आमच्या कारखान्यात फक्त दुसरी होती. मूळ मजकूर भाऊ फ्लॉपीवर घालून घरी न्यायचे आणि इथला पुसून टाकायचे, पहिल्या दिवसापासून. समीरने लिनक्स बसवताना शोधलं होतं आणि त्याला तो सापडला नव्हता. आणि सापडला असता तरी मेथी, कोबी, कारलं अशा नावांतून त्याला काय बोध होणार होता?

"ते माझ्याकडे हे," भाऊ म्हणाले.

"दुकानदाराकडेपण त्याचं बी असतंच, भाऊ," समीर म्हणाला.

मग बोरसे साहेब बोलले, आणि त्यांच्या मनात ते काविळीच्या दिवसापासून होतं हे माझ्या लक्षात आलं. "दुकानदाराने अडवलं तर मी दुसरा दुकानदार बघेन. भाऊ, तुम्ही अडवलंत तर?"

"मी कशाला अडवीन साहेब?"

"तुम्ही नाही अडवणार. पण उद्या तुम्ही नसलात तर?" मग त्यांनी सरळच सांगितलं, की मूळ मजकूर कारखान्यात आला तर लिनक्स. नाही आला तर भाऊंचा प्रोग्राम बाद करून, विंडोज आणि बाजारातला तयार प्रोग्राम, दोन्ही एकदमच घेऊन टाकू.

भाऊ उठले, दार उघडून बाहेर गेले आणि चपला घालून तरातरा निघून गेले. थोड्या वेळाने समीर बाहेर आला तेव्हा कळलं, की ते त्याच्या चपला घालून गेले होते. बिचारा भाऊंच्या, दोन बोटं मोठ्या, चपला फटक फटक वाजवत घरी गेला.

पुढचे काही दिवस भाऊ कामावर यायचे, पण बोलायचे नाहीत. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, बस. एकदा चहाच्या सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्यापाशी जाऊन बसले. ते कप हातात घेऊन पत्रा दाबणाऱ्या प्रेसकडे बघत होते.

"ताई, इतकी वर्षं सगळे मला विचारत्यात. भाऊ, हे कसं, भाऊ, ते कसं. साहेबसुद्धा. उद्या सगळं उघडं करून दिलं, तर मला कोण विचारणार?"

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हणाले, की तुम्ही आजारी होतात त्या दिवशी गेटवर मी उभी होते, ड्रायव्हरच्या शिव्या मी खाल्ल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असावा. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली आणि तेवढाच त्यांचा कंटाळाही आला होता. चहा संपवून ते निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांनी समीरला फोन करून सांगितलं, की चपला न्यायला सुट्टीच्या दिवशी घरी ये. आणि मला म्हणाले, ताई, तुम्ही बी या.

आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि त्यांच्या जावा मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. समीरच्या चपला दाराशी पुसून ठेवल्या होत्या. भाऊंनी आतून पत्र्याचा एक डबा आणला. घरचं बियाणं ठेवायचा डबा. वर कडुलिंबाचा पाला, खाली पुरचुंड्या, कशात मेथी, कशात गवार, कशात शेवटच्या तोडीची वांगी सुकवून काढलेलं बी. आणि सगळ्यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉप्या. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच, असं ते म्हणाले. बी आणि हे, दोन्ही तिथंच.

समीरने कागद पुढे ओढला आणि भाऊ सांगायला लागले. मेथी म्हणजे परत आलेला माल, कारण सकाळची मेथी संध्याकाळपर्यंत विकली गेली नाही की मार्केटमधून माघारी येते. कोबी म्हणजे शिल्लक, पानावर पान, पानावर पान. गवार म्हणजे नट आणि वॉशर, एकेक तोडून मोजायचं काम. कारलं म्हणजे अबकारी कर, ते का ते सांगावं लागलं नाही. टोमॅटो म्हणजे दर, कारण तो सकाळी एक आणि दुपारी दुसरा. समीर लिहीत होता आणि हसत होता. जुड्या बांधणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, म्हणजे तिथं जाऊन बी तुम्ही भाजीच विकत होते.

"सुरुवातीला मला इंग्रजी नावं ध्यानात राहत नव्हती," भाऊ म्हणाले. "भाजीची राहायची. मग बघितलं, दुसऱ्या कुणाला कळतच नाय. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायला लागलं."

दुपारी समीरने आपल्याबरोबर आणलेल्या यंत्रात फ्लॉप्या घालायला सुरुवात केली. पहिली वाचली गेली. दुसरी वाचली गेली. पुढची घातली तर नुसता करकर आवाज. बाहेर काढून सरकती पट्टी मागे केली, तर आतल्या चकतीवर पांढरट ठिपके. बुरशी. त्यानंतरचीही तशीच. सगळ्यात कोरडी जागा म्हणून ठेवलेल्या, पण इतक्या पावसाळ्यांत कुणी उघडून न पाहिलेल्या.

त्या दोन फ्लॉप्यांवर बिलांचा सगळा भाग होता. भाऊंनी त्यातली एक हातात घेतली, शर्टाच्या टोकाने पुसली, परत घालायला लावली. तीनदा घालायला लावली. मग ते खाली बसले. ज्याच्यासाठी ते आठवडाभर झुंजत होते, जे द्यावं की न द्यावं या विचाराने त्यांना झोप नव्हती, ते त्यांच्याकडेही नव्हतंच. "बी मेलं," ते म्हणाले. एवढंच. वहिनींचे हात जुड्या बांधता बांधता थांबले.

समीरनेच ते सावरलं. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या डोक्यात आहे ना? आणि ताईंच्या हातात आहे. त्या रोज बिलं काढतात. बसू आपण."

पुढचे कितीतरी सुट्टीचे दिवस आम्ही तिघं त्या ओसरीवर बसलो. मी पडद्यावर कशानंतर काय येतं ते सांगायची, भाऊ डोळे मिटून आत काय चालतं ते आठवायचे, समीर लिहायचा. "इथं कोबीतून गवार वजा केली होती. नाय, थांब, आधी मेथी मिळवली होती." वहिनी चहा देता देता म्हणायच्या, मिळवा लवकर, सुकेल. भाऊ पूर्वी कधी दिसले नव्हते इतके मोकळे झाले होते. प्रत्येक ओळीवर ते काही ना काही शिकवायचे, आणि समीरही सारखा विचारायचा. का असं केलं, दुसरं का नाही केलं. खोलीचं दार आतून बंद करणारा माणूस हाच, असं सांगून पटलं नसतं.

दिवाळीनंतर तपासणी झाली आणि सुरळीत झाली. सगळीकडे काही लिनक्स बसलं नाही. सुट्या भागांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर आणि हिशेब खात्यातला एक तयार प्रोग्राम विंडोजवरच चालायचा, म्हणून तिथे ते रीतसर विकत घ्यावं लागलं. मोठ्या कंपनीकडून येणारे तक्ते लिनक्सवर उघडले की कधी कधी रकाने इकडचे तिकडे व्हायचे, आणि माझी जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं तर सगळी चिन्हांची खिचडी होऊन गेली. ती मी परत टाइप केली आणि करताना लिनक्सला आणि समीरला मनसोक्त नावं ठेवली. भाऊ म्हणाले, "एका वाफ्यात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर. त्यात काय एवढं?"

समीरने पुढे त्या मूळ मजकुरावरून नवा प्रोग्राम लिहिला, रंगीत पडद्याचा. नावंही सगळी शिस्तीत इंग्रजी घातली, म्हणजे कुणालाही वाचता यावीत. मेथीच्या जागी रिटर्न्स आलं. भाऊ निवृत्त व्हायच्या सुमाराला तो सुरू झाला. त्यांच्या शेवटच्या दिवशी समीरने त्यांना खुर्चीवर बसवून सगळा फिरवून दाखवला. भाऊ बघत राहिले. भाजीचं नाव कुठेच नव्हतं.

"चालतंय ना?" त्यांनी विचारलं.

"चालतंय, भाऊ."

"मग मी हात नाय लावत."

निवृत्तीनंतर ते खंडेनवमीला तेवढे यायचे. लुनाला झेंडूची टोपली बांधून आणायचे, प्रेसना आणि काचेच्या खोलीला माळा घालायचे, पेढा घ्यायचे आणि जायचे. कुणी त्यांना काही विचारायचं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते त्यांना खुपत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. एका खंडेनवमीला ते आले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत हृदयविकाराने गेले. मी आणि समीर मखमलाबादला जाऊन आलो. ओसरीवर कोपऱ्यात तो पत्र्याचा डबा होता. मला रडू आलं, आणि ते कारखान्यातल्या कुणासाठी येईल असं मला वाटलं नव्हतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. माझ्या जागी आता चांदवडकडची एक नवी मुलगी डिस्पॅचला बसते. तिने भाऊंना पाहिलेलं नाही. तिच्या पडद्यावर इंग्रजीत रिटर्न्स लिहिलेलं असतं. मी जाऊन शेजारी बसले तेव्हा ती पुण्याला मोठ्या कंपनीत फोन लावत होती. तिकडचे ते जुने तपासनीसही केव्हाच बदलून गेले होते, कुणीतरी नवीनच माणूस होता.

"सर, नाशिकवरून बोलतेय," ती म्हणाली. "आज मेथी किती?"

पलीकडच्या माणसाने आकडा सांगितला आणि तिने तो लिहून घेतला.